सेल सायकल टेस्टिंगसाठी हॉबी चार्जर कुठला घ्यावा?

कंदीलवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पाच-सहा मित्र सोलर कंदील दुरुस्त करून पाटण तालुक्यातल्या वरच्या वाड्यांमध्ये देतो. संस्था वगैरे काही नाही, शनिवार-रविवारचा उद्योग. बंद पडलेले कंदील आणि रस्त्यावरचे दिवे भंगारातून आणतो, त्यातले ३२६५० साइझचे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल काढतो (३.२ व्होल्ट, ६००० एमएएच छापलेले), बरे असतील ते परत वापरतो. आत्ता साधारण दोनशे सेल पडलेत घरात, बायको रोज विचारते की हे कधी जाणार.

अडचण अशी की गेल्या वर्षी एकदा चार्ज-डिस्चार्ज करून 'पास' झालेले सेल घालून कंदील दिले आणि दोन महिन्यांत निरोप यायला लागले की दिवा रात्री नऊलाच मान टाकतो. म्हणून ठरवलंय की यंदा एकदाच तपासून भागणार नाही, बारा सेल नमुना म्हणून घ्यायचे आणि शंभर सायकल (एक चार्ज आणि एक डिस्चार्ज म्हणजे एक सायकल) करून बघायच्या, त्याही आपोआप, कारण मला नोकरी आहे.

माझ्याकडे बी६ नावाचा हॉबी चार्जर आहे, ओरिजिनल नाही, तसाच दिसणारा. त्याच्यावर रात्री सेल लावून झोपलो तर सकाळी उठून बघतो तर टाइमरची सूचना दाखवून केव्हाच थांबलेला. मग टाइमर बंद केला. पुढचे चार सेल चार्ज केले आणि गंमत म्हणजे चारही बरोब्बर ५००० एमएएच. मला आनंद झाला की सगळे एकसारखे निघाले, ८३ टक्के हेल्थ.

बजेट पंधरा हजार. कुठला चार्जर घेऊ? जास्त अँपिअरवाला घेतला की काम लवकर होईल ना?

---

भंगार_सम्राट

चारही बरोब्बर ५००० 😂😂

भावा ते सेल एकसारखे नाहीत, तुझा चार्जर एकसारखा आहे.

---

ओहमकार

सम्राटांनी हसून घेतलं, मी समजावतो. बी६ च्या सेटिंगमध्ये सेफ्टी टाइमरच्या शेजारीच कपॅसिटी कट-ऑफ म्हणून एक प्रकार असतो. येतानाच टाइमर १२० मिनिटांवर आणि हा कट-ऑफ ५००० एमएएचवर लावलेला असतो. तू ६ एएचचा (म्हणजे ६००० एमएएच) सेल ३ अँपिअरने चार्ज करत असशील तर दोन तासांत होत नाही, म्हणून पहिल्या रात्री टाइमरने थांबवला. टाइमर काढलास तर ५००० ला दुसऱ्या पहारेकऱ्याने थांबवला. म्हणजे तुझे सेल पूर्ण चार्जच झालेले नाहीत, त्यांची कपॅसिटी ५५०० आहे की ५९०० हे तुला अजून माहीतच नाही. दोन्ही आकडे वाढव, बंद मात्र करू नकोस. कट-ऑफ ७००० ठेव, टाइमर चार-साडेचार तास. पहारेकरी चांगले आहेत, फक्त त्यांना तुझ्या सेलचं माप माहीत नव्हतं.

आणि हेल्थ नेहमी डिस्चार्जच्या आकड्यावरून बघायची, चार्जच्या नाही. किती घातलं यापेक्षा किती परत आलं ते महत्त्वाचं, उसन्या पैशासारखं.

आता मुख्य प्रश्न. जास्त अँपिअरवाला चार्जर घेऊ का म्हणतोस, तर तिथेच सगळे फसतात. हे चार्जर विमानं-ड्रोन उडवणाऱ्यांसाठी बनलेत. त्यांना बॅटरी पटकन भरायची असते, रिकामी तर ती आकाशातच होते. त्यामुळे बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात ५० वॉट, ८० वॉट जे लिहिलेलं असतं ते सगळं चार्जिंगचं. डिस्चार्जचा आकडा आत मॅन्युअलमध्ये बारीक टायपात. बी६ चा डिस्चार्ज जास्तीत जास्त १ अँपिअर आणि ५ वॉट. आतल्या आत एका ट्रान्झिस्टरवर वीज जाळायची आणि उष्णता पंख्याने बाहेर फेकायची, एवढीच त्याची झेप.

तुझं गणित मांड. चार्ज अडीच तास, १ अँपिअरने डिस्चार्ज सहा तास, मध्ये दोनदा अर्धा-अर्धा तास विश्रांती. एक सायकल साडेनऊ तास. शंभर सायकल म्हणजे ९५० तास, जवळपास चाळीस दिवस, आणि हे झालं एका सेलचं. बारा सेल एका बी६ वर एकामागून एक करायचे तर सोळा महिने. यंदाची दिवाळी जाऊन पुढची पण जाईल.

चार्जिंगचा करंट दुप्पट केलास तरी सायकलमागे तासभर वाचतो. डिस्चार्जचा दुप्पट केलास तर तीन तास. म्हणून दुकानात पहिला प्रश्न डिस्चार्ज किती वॉटचा, दुसरा चॅनेल किती, तिसरा लॉग कॉम्प्युटरवर येतो का, आणि चौथा लिथियमला सायकल मोड आहे का. बी६ मध्ये सायकल मोड आहे पण तो निकेलवाल्या सेलना, तोही पाचपर्यंतच.

---

कंदीलवाला

अरे देवा. म्हणजे ८३ टक्के हेल्थ मी ग्रुपवर टाकून पण झालं 🤦

---

सर्व्होसिंह

बी६ ला आपोआप सायकल करायला लावता येतं, मी केलंय, पण माझं ऐकून कुणी करू नये.

इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, पैसे नव्हते. बी६ ची चार बटणं, त्यावर तीन छोटे एसजी९० सर्व्हो (हव्या तेवढ्या कोनात फिरणाऱ्या मोटरी) हॉट ग्लूने चिकटवले, सर्व्होच्या पंखाला कान साफ करायच्या काडीचं टोक, म्हणजे बटणाला ओरखडा नको. अर्डुइनो नॅनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड सांगणार आता दाब, आता सोड. गंमत अशी की बी६ चं स्टार्ट बटण नुसतं दाबून चालत नाही, तीन सेकंद दाबून धरावं लागतं, मग तो बॅटरी तपासून एकसेल-एकसेल असं काहीतरी दाखवतो आणि विचारतो की बरोबर आहे ना, तेव्हा परत एकदा टिचकी मारायची. माझा सर्व्हो कधी कधी दुसरी टिचकी लवकर मारायचा आणि चार्जर आपला रात्रभर त्याच प्रश्नावर हात जोडून उभा. मेनूत चार्जवरून डिस्चार्जवर जायला पण बटण मोजून दाबावं लागायचं, एक टिचकी चुकली की गाडी स्टोरेज मोडमध्ये.

सहा दिवस चाललं, मग मे महिन्यात हॉट ग्लू मऊ पडला आणि एक सर्व्हो स्वतःच खाली उतरून बसला. प्रोजेक्टला मार्क मिळाले, डेटा मिळाला नाही.

---

भंगार_सम्राट

सर्व्होसिंह, फोटो असेल तर टाक, याला स्वतंत्र धागा पाहिजे.

कंदीलवाले, मी लॅपटॉपच्या बॅटऱ्यांतून १८६५० साइझचे लिथियम सेल काढतो, आजवर हजारभर तरी तपासले असतील. मी चार खणांचा चार्जर वापरतो, लिटोकालाचा लिई-५००, तो ५०० मिलिअँपिअरने डिस्चार्ज करून आकडा देतो, बास. छापील कपॅसिटीच्या ८० टक्क्यांच्या खाली गेला की बाद. गरम झाला की बाद. आठवडाभर ठेवून व्होल्टेज पडलं की बाद. सायकल-बियकल कुणाला पाहिजे? तुझ्या सहा एएचच्या सेलला मात्र ५०० मिलिअँपिअर म्हणजे बारा तास लागतील, त्यामुळे माझावाला तुला घे म्हणत नाही.

---

मृण्मयी_ट

मी स्कायआरसीचा एमसी३००० दीड वर्ष वापरतेय, टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या सेलसाठी घेतला होता आणि मग त्याचंच वेड लागलं. चार खण, प्रत्येक वेगळा चालतो, ३ अँपिअरपर्यंत चार्ज, २ अँपिअरपर्यंत डिस्चार्ज. लिथियमला सायकल मोड आहे, ९९ पर्यंत. दोन टप्प्यांमधली विश्रांती किती मिनिटं ते पण ठरवता येतं. एलएफपी वेगळा प्रकार म्हणून निवडता येतो आणि कट-ऑफ व्होल्टेज आपल्याला हवं ते देता येतं. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडला की आलेख दिसतात. त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, मी लिनक्सवर असल्याने डेटाएक्सप्लोरर नावाचं फुकट मिळणारं वापरते.

जाड सेल बसतात पण शेजारी शेजारी लावले की खेटतात, मी एक खण सोडून लावते.

तुमचं गणित त्याच्यावर करून बघितलं. अडीच तास चार्ज, तीन तास डिस्चार्ज, एक तास विश्रांती, साडेसहा तास. शंभर सायकल सत्तावीस दिवसांत. चार-चार सेलच्या तीन खेपा, ऐंशी-एक्याऐंशी दिवस. सोळा महिन्यांपेक्षा बरं, पण अडीच महिने त्या पंख्याच्या आवाजात राहायची तयारी ठेवा. आमच्या हॉलमधून तो आता माळ्यावर गेलाय.

---

ओहमकार

मृण्मयीताईंच्या पर्यायाला माझं +१, फक्त दोन गोष्टी.

एक, खणवाल्या चार्जरमध्ये डिस्चार्जची उष्णता तिथेच, सेलच्या पोटाखाली तयार होते. चारही खणात २ अँपिअर चालू असताना सेल खोलीपेक्षा बराच गरम असतो, आणि गरम सेल कपॅसिटी थोडी जास्तच दाखवतो. वर लवकर म्हातारा पण होतो. म्हणजे तू सेल तपासतोयस की शेकतोयस हा प्रश्न येतो. दोनाऐवजी दीड अँपिअर ठेव, तास वाढेल पण आकडा खरा येईल. आणि रोज खोलीचं तापमान लिहून ठेव. जानेवारीतली सायकल आणि एप्रिलमधली सायकल नुसती शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आमच्याकडे चाकणला लॅबमध्ये सेल तापमान राखणाऱ्या कपाटात असतात त्याचं कारण हेच.

दोन, खणात सेल एकदा बसवला की शंभर सायकल होईपर्यंत हलवायचा नाही. फिरवून बघायचा पण नाही. हे चार्जर दोन तारांनी मोजतात, म्हणजे ज्या वाटेने करंट जातो त्याच वाटेवर व्होल्टेज मोजतात. काँटॅक्टला ५० मिलिओहम रेझिस्टन्स असला तर २ अँपिअरला ०.१ व्होल्ट तिथेच पडतो आणि चार्जरला वाटतं सेलचंच व्होल्टेज पडलं. काढून परत लावलास की ते ५० चे ३० होतील नाहीतर ७० होतील, आणि तू म्हणशील सेल सुधारला किंवा बिघडला.

तुझं नशीब एवढंच की सेल एलएफपी आहेत. त्यांचा आलेख सोलापूरच्या माळरानासारखा सपाट आणि शेवटी एकदम कडा. कड्यावर ०.१ व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी एमएएचमध्ये फरक फार पडत नाही. १८६५० वाल्यांचा उतार लांबलचक असतो, त्यांना हीच चूक महागात जाते.

---

स्टुटगार्टचा_मावळा

इथे आमच्या आरसी (रिमोटवरच्या) विमानांच्या क्लबात बहुतेकांकडे जुन्सीचे आयचार्जर. लिथियम सायकल आहे, यूएसबीने सेमीकोलन घातलेल्या ओळी येत राहतात, त्या कुठल्याही टर्मिनलवर पकडून स्प्रेडशीटमध्ये टाकता येतात. पूर्वी इथे सगळे लॉगव्ह्यू नावाचं जर्मन सॉफ्टवेअर वापरायचे. मोठ्या मॉडेलमध्ये डिस्चार्ज केलेली वीज जाळून न टाकता इनपुटच्या बॅटरीत परत ढकलायची सोय पण असते, ते मला फार आवडतं, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतल्यासारखं.

एक कल्पना: सहा सेल सिरीजमध्ये जोडून बॅलन्स वायर (प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं मोजणाऱ्या बारीक तारा) लावल्या तर एका चॅनेलवर सहा सेल होतील ना?

---

ओहमकार

मावळे, आयचार्जरवर होईल, त्याच्या बी६ वर नाही. सहा एलएफपी म्हणजे १९ व्होल्ट, ५ वॉटची मर्यादा, करंट येतो पाव अँपिअर. डिस्चार्जला तेवीस तास. आणि सिरीजमध्ये सगळ्यात कमजोर सेल आधी तळ गाठतो, तिथे चार्जर थांबतो, बाकी पाचांची कपॅसिटी किती ते गुलदस्त्यातच. कमजोर कोण ते शोधायला छान, प्रत्येकाचा आकडा पाहिजे असेल तर उपयोग नाही.

---

तापकीर_गल्ली

हॉबी चार्जरच का? ईबीसी-ए२० म्हणून एक टेस्टर येतो, ५ अँपिअर चार्ज, २० अँपिअर डिस्चार्ज, करंटच्या तारा वेगळ्या आणि व्होल्टेजच्या वेगळ्या, म्हणजे वरचा ५० मिलिओहमचा गोंधळ मिटला. विंडोजवर टप्पे लावून द्यायचे, चार्ज, थांब, डिस्चार्ज, थांब, परत पहिल्यापासून. एकच चॅनेल आहे हा तोटा.

बी६ घेणाऱ्यांना एक सांगतो, आमच्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्या नावाने जे मिळतं ते चार प्रकारचं असतं आणि वरून चारही सारखेच. ज्यांच्यात एटमेगा३२ ही चिप आहे त्यांच्यावर चीली-चार्जर हे ओपन सोर्स फर्मवेअर (चार्जरच्या आतलं सॉफ्टवेअर) चढतं, मग सिरियल लॉग वगैरे मिळतो. पण चढवल्यावर जुनं फर्मवेअर परत येत नाही आणि कॅलिब्रेशन स्वतः करावं लागतं, हातात भरवशाचा मल्टिमीटर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. आत कुठली चिप आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही आणि दुकानदार उघडू देत नाही 🙂

---

वॉटसन

अवांतर प्रश्न: या चार्जरने कूलोंबिक एफिशियन्सी (घातलेल्या चार्जपैकी किती टक्के परत आला) काढता येईल का? कॅनडात डलहौसी युनिव्हर्सिटीत जेफ डान यांच्या ग्रुपने त्यावरून थोड्याच सायकलमध्ये सेलचं आयुष्य ताडायची पद्धत बसवलीय असं वाचलं होतं.

---

ओहमकार

नाही. त्यांची उपकरणं त्याच कामासाठी बनवलेली, टक्क्याच्या शंभराव्या भागापर्यंत आणि त्याच्याही खाली मोजणारी. आपला चार्जर एक-दीड टक्का इकडेतिकडे. किराणा दुकानाच्या तराजूवर सोनं तोलायला जाऊ नका.

पण तुमच्या प्रश्नावरून एक गोष्ट लक्षात आली जी मी पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवी होती. कंदीलवाला, नीट वाच. चांगला एलएफपी सेल दोन हजार सायकलला ८० टक्क्यांवर येतो असं धर. म्हणजे सायकलला ०.०१ टक्का, शंभर सायकलला १ टक्का. तुझ्या चार्जरची अचूकताच १ टक्का. थंडी पडली तर त्याहून जास्त फरक आकड्यात येईल. म्हणजे अडीच महिने पंखा ऐकून तू चांगल्या सेलमधला जास्त चांगला कुठला ते सांगूच शकणार नाहीस. हां, जो सेल खरोखर ढासळतोय तो मात्र सापडेल, पण तो शंभर कशाला, वीस सायकलमध्येच पाच-सात टक्के खाली येऊन स्वतःच हात वर करेल.

मग शंभरचा हट्ट कशासाठी?

---

कंदीलवाला

हट्ट नाही हो, भीती आहे. माणसं डोंगर चढून निरोप द्यायला येतात की दिवा गेला. पहिली टेस्ट पास झालेले सेल दोन महिन्यांत गेले मग एका टेस्टवर विश्वास कसा ठेवायचा.

---

आजोबा_२२०

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, तुमच्या एमएएचमधलं सगळं कळत नाही, पण एक विचारतो. कंदील दिलेत ते कुठल्या महिन्यात?

---

कंदीलवाला

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी पोचावेत म्हणून. तक्रारी ऑगस्टमध्ये सुरू झाल्या.

---

आजोबा_२२०

पाटणच्या वर. जून ते ऑगस्ट. कोयनेच्या पाणलोटात. आणि पॅनेल किती वॉटचं?

---

भंगार_सम्राट

आजोबा 🙏🙏🙏

---

कंदीलवाला

... ३ वॉट.

मी हे लिहून पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलोय. सूर्य दिसत नाही तिकडे पंधरा-पंधरा दिवस.

---

ओहमकार

आजोबांना साष्टांग. आम्ही इथे मिलिओहम मोजत बसलो.

३ वॉटचं पॅनेल, ६ एएचचा सेल म्हणजे १९ वॉट-तास, स्वच्छ उन्हात सुद्धा पूर्ण दिवस नीट मिळाला तर कुठे भरत येणार. पावसात तो रोज अर्धाकच्चा भरत असणार आणि नऊला दिवा जाणार, सेल कितीही चांगला असला तरी. आता परत आलेले कंदील आहेत का तुझ्याकडे? त्यातले सेल नीट भर, कट-ऑफ वाढवून, आणि डिस्चार्ज करून आकडे टाक इथे. चार्जर नंतर घे.

---

आजोबा_२२०

आणि टेस्ट चालू असताना लाइट गेली तर काय करणार ते पण ठरवून ठेवा. तुमचा बी६ लाइट आल्यावर पहिल्या पानावर जाऊन बसतो, आठवत काही नाही त्याला. पण तो मुळात ११ ते १८ व्होल्ट डीसीवर चालतो, अडाप्टर हवाच असं नाही. इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी असेल तर थेट तिच्यावर लावा, फ्यूज घालून. खणवाला चार्जर घेतलात तर तो इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना बघा, साध्या मोडमध्ये बदलताना जो झटका बसतो त्यात ही नाजूक यंत्रं रिसेट होतात. आमच्या घरचा सेट-टॉप बॉक्स मला हे शिकवून गेला.

आणि रात्री चालू ठेवून झोपणार असाल तर लाकडी टेबलावर नको. कडप्प्यावर ठेवा, शेजारी वाळूची बादली. एलएफपी शांत असतो म्हणतात, तरी भंगारातला आहे.

---

कंदीलवाला

(अकरा दिवसांनी)

उशीर झाला, बी६ वर एकेक करत होतो, ऑफिसला जाताना चार्ज, आल्यावर डिस्चार्ज.

परत आलेले नऊ कंदील होते. नऊ सेल. १ अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज, आकडे एमएएचमध्ये: ५४१०, ५६२०, ५३८०, १९५०, ५५०५, ५२९०, ५६६०, ३१२०, ५४७०.

म्हणजे दोनच सेल खरोखर गेलेले. बाकी सात ठणठणीत. त्यांना आम्ही काढून 'बाद' म्हणून खोक्यात टाकलं होतं.

---

भंगार_सम्राट

तो १९५० वाला कुठून आणला होता? पाय गंजलेला होता का बघ.

---

ओहमकार

झकास. आता दोघांची विचारपूस. ते दोन पूर्ण चार्ज करून टेबलावर ठेव, २८ दिवस, मग न भरता डिस्चार्ज कर. सोबत चांगल्यातला एक पण ठेव तुलनेला. एलएफपीचं व्होल्टेज सपाट असल्यामुळे नुसतं मल्टिमीटर लावून गळती कळत नाही, सम्राटांची आठवड्याची युक्ती १८६५० ला चालते, इथे फसवते. किती एमएएच परत आले तेच मोजायचं.

आणि चार्जरचं म्हणशील तर आता तुझी गरज बदलली. शंभर सायकल नकोत. बॅचमधले चार सेल, वीस सायकल, दीड अँपिअर. एमसी३००० पुरेसा आहे, बजेटच्या आसपास बसेल. बी६ विकू नकोस, कट-ऑफ सुधारून एकेरी टेस्टला ठेव. उरलेले पैसे मोठ्या पॅनेलला घाल.

---

मृण्मयी_ट

आणि सायकल मोडमध्ये चार्जने सुरू करून डिस्चार्जवर संपवायचं निवडू नका, शेवटी सेल रिकामा राहतो आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर तसाच पडून राहतो. शेवटचा टप्पा चार्जचा ठेवा. मी एकदा दोन सेल असे विसरले होते.

---

कंदीलवाला

(सात आठवड्यांनी)

अपडेट. चार्जर आला, कडप्प्याच्या ओट्यावर, यूपीएस मोडवर, बाजूला वाळूची बादली, बायको म्हणते गॅलरीत होळी आहे का.

पहिली खेप झाली, चार सेल, वीस सायकल, साडेसात तासांची एक, त्यामुळे सहा दिवस आणि थोडं. तीन सेलमध्ये फरक टक्क्याच्या आतबाहेर, म्हणजे ओहमकार म्हणाले तसं, काही सांगता येत नाही आणि तेच चांगलं. तिसऱ्या खणातला अकराव्या सायकलपासून घसरायला लागला, वीसला आठ टक्के खाली. मी खूश झालो की एक सापडला. मग आठवलं, हलवायचा नाही म्हणाले होते, म्हणून आधी न हलवता भिंगातून बघितलं, तर सेलच्या निगेटिव्ह टोकावर जुन्या वेल्डचा एक खरबरीत ठिपका राहिलेला, तो काँटॅक्टवर अर्धवट टेकत होता आणि तिथे काळा डाग पडलेला. मग काढला, टोक पॉलिश पेपरने घासलं, काँटॅक्ट आयसोप्रोपिलने पुसला, परत पाच सायकल. कपॅसिटी जिथून सुरू झाली होती तिथे परत. सेलचा दोष नव्हताच.

आता सगळ्या सेलची टोकं घासूनच लावतोय. दोनशे सेल, चारशे टोकं, पॉलिश पेपरच्या तीन शीट संपल्या.

२८ दिवसवाले: चांगला सेल ५४१० होता, ५३०० परत आले. ३१२० वाल्याने २९६० दिले, म्हणजे म्हातारा पण प्रामाणिक. १९५० वाल्याने ४०.

---

भंगार_सम्राट

४० एमएएच?? तो सेल नाही, गाळणी आहे.

---

आजोबा_२२०

पॅनेलचं काय केलंत?

---

कंदीलवाला

५ वॉटची मिळाली वीस, सम्राटांनी पत्ता दिला त्या गोडाऊनमधून. आणि यंदा कंदिलासोबत सांगणार आहोत की पावसात मंद मोडवरच ठेवा, तो मोड आहे हेच आम्ही गेल्या वर्षी कुणाला दाखवलं नव्हतं.

दुसरी खेप चालू आहे, तेरावी सायकल. आत्ता लाइट गेलीय, पंख्याचा आवाज येतोय म्हणजे चालू आहे.